पाण्यापुरती शपथ

सोमवार, ३ तारीख

धाकटीस,

वर आशीर्वाद लिहायची जागा मुद्दाम रिकामी सोडली आहे. मनात नसताना लिहून शाई कशाला वाया घालवू.

चिरंजीवांचा निरोप आला की इथं माझ्यासोबत राहायला तू येते आहेस. सूनबाईंचे दिवस भरत आलेत, चिरंजीवांना रजा नाही, आणि इथल्या इस्पितळाचा नियम असा की रुग्णासोबत घरची एक बाई हवीच. म्हणून सगळ्यांनी बसून ठरवलं म्हणे. त्या सगळ्यांत मी नव्हते. दुखणं माझं, पण मालकी गावाची.

तर हे पत्र एवढ्यासाठीच, की येऊ नकोस.

कारण तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, म्हणजे पुढं 'मला कुणी सांगितलंच नाही' असं म्हणायला नको. नवे जावई त्या दिवशी पहिल्यांदा जेवायला बसले होते. भावजींच्या हातात घास होता. आणि बसस्टँडवर गाड्या पुकारतेस त्याच आवाजात तू पुकारलंस, "जाऊबाईंच्या कपड्यांवर रक्त असतं. पाळी जाऊन जमाना झाला आणि अजून रक्त असतं. कुणीतरी यांना डॉक्टरकडे न्या." जावयांनी ताटात खाली घातलेली मान हात धुवायला उठेपर्यंत वर केली नाही. मी जन्मभर लोकांच्या कपड्यांना रफू केलं. कुणाचा कोट कुठं फाटला होता ते त्याच्या बायकोलासुद्धा कळू दिलं नाही. आणि माझ्या कपड्यावरचा डाग तू पंगतीत वाढलास.

त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलत नाही. तेच बरं चाललंय.

माझी काळजी करू नकोस. रोग कुठं आहे ते तू पुकारलंच आहेस, आता नीट ऐकून ठेव म्हणजे पुढच्या पंगतीत चूक व्हायला नको. पोटात नाही, गर्भपिशवीतही नाही. योनिमार्गात आहे. बघ, लिहिलं. कातडीवरचा तीळ बिघडावा तसला काळा डाग आहे, पण आत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा लाखात एखादीलाच होतो. माझ्या वडिलांनी स्थळं बघताना 'मुलगी लाखात एक आहे' म्हणून सांगितलं होतं. उशिरा का होईना, खरं ठरलं.

तुझी नव्हे, फक्त
थोरली


गुरुवार, ६ तारीख

धाकटीस,

आलीसच. पत्र पोचायच्या आधी गाडीत बसलीस की वाचून बसलीस, ते मी विचारणार नाही, कारण विचारायचं तर बोलावं लागेल.

काल दारात तुला काय म्हणाले ते पुन्हा लिहून देते, पुरावा म्हणून. तुला माझी शपथ आहे, इथं असेपर्यंत माझ्याशी एक शब्द जरी बोललीस तर. शपथ मोडली की जिची घातली तिचं वाईट होतं, असं तू मानतेस. म्हणूनच घातली. आजाऱ्याची शपथ चांगली घट्ट बसते.

घरी आपलं अडलं की मधे एखादं पोर उभं करायचो. 'सांग तुझ्या काकूला, मीठ संपलंय.' इथं पोर नाही. म्हणून असं करायचं. तुला काही सांगायचं असेल तर चिठ्ठीवर लिहून पाण्याच्या बाटलीखाली ठेवायचं. मी उत्तर लिहून तिथंच ठेवीन. आणि एक. तुझी चिठ्ठी मी उपचाराहून परत आल्यावरच वाचीन, आधी नाही. तुझं अक्षर दिसलं तरी माझा रक्तदाब चढतो आणि मग किरणांच्या यंत्रावरची पोरगी 'आजी, शांत व्हा' म्हणत राहते.

पलंग खिडकीजवळचा मी घेतलाय. तुझा दाराजवळचा. दाराजवळ तुझी सोय आहे, पुकारायला बरं.

आज माझा साचा केला. तुला सांगण्यासारखं कुणी नाही म्हणून तुलाच सांगते. जाळीची एक पांढरी चादर गरम पाण्यात मऊ करतात, ती कमरेवरून मांडीपर्यंत ओढून दाबून बसवतात, आणि ती गार होता होता अंगावरच कडक होते. रोज त्याच साच्यात तसंच पडायचं, केसभरसुद्धा हलायचं नाही. मी लोकांची मापं घेत म्हातारी झाले, पण माझं माप असं कुणी घेतलं नव्हतं. यंत्रावरच्या पोरीला म्हटलं, "आता मी जाड झाले तर?" ती म्हणाली, "आजी, तर सगळं पहिल्यापासून. आणि बारीक झालात तरी पहिल्यापासून."

तेव्हा डबे भरभरून आणू नकोस. तुझं प्रेम असंही अंगी लागत नाही, पण उगाच जोखीम नको.

थोरली


बुधवार, १२ तारीख

धाकटीस,

कालची चिठ्ठी वाचली. तू लिहितेस: "पंगतीत बोलायच्या आधी दोनदा एकटीला गाठून विचारलं होतं. दोन्ही वेळा मूळव्याध म्हणालात."

हो, म्हणाले. मग? मूळव्याध म्हणाले म्हणजे 'गप्प बस' म्हणाले, एवढं कळायला काय बॅरिस्टर व्हावं लागतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तू ती उघडलीस आणि आत काय निघालं बघ.

आणि पुढं लिहितेस: "तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तिसऱ्यांदा मूळव्याध म्हणाला असतात आणि आज साचा घ्यायला कंबरच उरली नसती." हे असलं बोलणं तुलाच सुचतं. स्टँडवर सवय लागलीय, सुटलेल्या गाडीमागंही ओरडत राहायची.

तुला तिथं बाकावर बसून काही दिसत नाही म्हणून सांगते आत काय होतं. उपकार म्हणून नव्हे. घरी गेल्यावर तू चार जणींना सांगणारच, तर निदान बरोबर सांग.

साधी किरणं अंगात शिरली की आगंतुक पाहुण्यासारखी पुढच्या दारानं येऊन, सगळ्या खोल्या धुंडाळून, मागच्या दारानं बाहेर पडतात. वाटेत असेल ते भाजतं. शिवाय माझ्या जातीचा डाग त्यांना फारसा जुमानत नाही. आधीच्या इस्पितळात सर्जन म्हणाले होते, मग कापणंच आलं, पुढचं मागचं सगळं काढून पोटावर दोन पिशव्या, एक लघवीची, एक शौचाची. तुला आठवत असेल, कारण तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून पडले होते आणि त्यांना प्रश्न तू विचारत होतीस. मी तुला विचारायला सांगितलं नव्हतं.

इथली किरणं म्हणजे कण आहेत. कार्बनचे. कार्बन म्हणजे आपला कोळसाच, मी खात्री करून घेतली. भिंतीपलीकडं मोठ्ठं गोल यंत्र आहे, त्यात हा कोळशाचा कण गरागरा फिरवून वेग देतात आणि मग अंगात सोडतात. तो वाटेत फारसा कुणाला धक्का देत नाही. नेमून दिलेल्या जागी पोचतो, तिथंच सगळा जोर टाकतो आणि तिथंच थांबतो. पुढं जात नाही. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "कोळसा उगाळावा तितका काळा म्हणतात, आणि तुम्ही काळ्या डागावर कोळसाच घालताय." त्या हसल्या. म्हणाल्या, "काट्यानं काटा."

नेमकं बोलावं, लागायचं तिथं लागावं आणि तिथंच थांबावं. कोळशाला जमतं. तुला नाही जमलं.

पण त्यासाठी आतलं सगळं रोज जागच्या जागी हवं. म्हणून आधी लघवीला जाऊन यायचं, मग नेमून दिलेलं पाणी प्यायचं, मग कळ दाबून बसायचं. लघवीची पिशवी भरली की आतडी वर सरकतात आणि कणाच्या वाटेतून बाजूला होतात. कमी भरली तरी चालत नाही, जास्त भरली तरी नाही. माझं पाणी तू भरतेस ते ठीक, पण बाटलीचं झाकण कुणाच्या जन्माचं वैर काढून आवळतेस? दोन्ही हातांनी पिळलं तेव्हा सुटलं. मुद्दाम करतेस.

थोरली


शुक्रवार, १४ तारीख

धाकटीस,

आज जे झालं ते मी लिहून ठेवते आहे, कारण तू ते उद्या वेगळं सांगशील.

मी नेहमीप्रमाणे लघवीला जाऊन आले. बाकावर बाटली होती, खाली तुझी चिठ्ठी. आधी वाचायची नाही हे ठरलेलं. मी चिठ्ठी बाजूला सारली, बाटली उघडली आणि पाणी प्यायले. तू समोर उभी राहून हातवारे करत होतीस. बोट नाचवत होतीस, बाटलीकडं, आतल्या दाराकडं, पुन्हा बाटलीकडं. मला वाटलं, झाकणावरून चिडवतेस. मी भिंतीकडं बघून सगळी बाटली संपवली.

चिठ्ठी आत्ता वाचली. "आत्ता पाणी पिऊ नका. एका बाळाला भूल देऊन आत घेतलंय, त्याला आधी सोडणार. तुमचा नंबर लांबलाय. सांगतील तेव्हा प्या."

यंत्र एक, खोल्या जास्त, कण एका वेळी एकाच खोलीत सोडतात, हे मला ठाऊक होतं. बाळ आधी जायलाच हवं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं तुझ्याबद्दल आहे. तोंड होतं ना तुला? अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं तोंड आहे. एवढं 'पिऊ नका' म्हणायला काय झालं होतं?

शपथ, म्हणशील. शपथ मी घातली होती, हे मला माहीत आहे. मला सांगायला नको.

मी कळ दाबून बसले. मग उभी राहिले, मग भिंतीला टेकले. शेवटी त्या पोरीनं दार उघडून "आजी, चला" म्हटलं, मी एक पाऊल टाकलं, आणि झालं. सगळ्या बाकांसमोर. दोन पुरुष होते, एकाच्या हातात वर्तमानपत्र. पायात ऊन ऊन लागलं आणि फरशीवर पसरत गेलं. पुन्हा तीच पंगत. वाटलं, इथंच जीव जावा, त्या काळ्या डागाची वाट कशाला बघायची.

आणि तेवढ्यात तू तुझी बाटली माझ्यावर उपडी केलीस. कमरेपासून खाली, सगळी. उरलेली स्वतःच्या अंगावर. आणि मग तो तुझा भोंगा. "अगं बाई. माझ्या हातून बाटली सांडली. झाकण सैल होतं हो, झाकण सैल होतं. मावशी, फडकं आणा, इकडे बाटली सांडलीय."

फरशीवाल्या मावशींनी तुला चांगलं झापलं. "दिसत नाही का, पेशंटला गार पाण्यानं भिजवलंत." तू "चुकलं, चुकलं" म्हणत फडकं हिसकावून घेतलंस आणि स्वतः पुसलंस. वर्तमानपत्रवाल्यानं पाय वर घेतले आणि म्हणाला, "होतं असं." बाटलीचंच म्हणाला.

कुणी सांगितलं होतं तुला? मी मदत मागितली होती? तुझी ही खोडच आहे, न मागता करायचं आणि मग माणसाला त्याच्या ओझ्याखाली वाकवायचं. ओले कपडे बदलताना मी रडले ते थंडीनं.

आजचा उपचार चुकला. पुढच्या आठवड्यात घेतील म्हणे. मी घेणार नाही. त्या बाकांसमोरून मी पुन्हा जाणार नाही. चिरंजीवांना लिहून घरी न्यायला सांगते. तू तुझी गाडी बघ.

थोरली


शनिवार, १५ तारीख

धाकटीस,

तुझी चिठ्ठी बाटलीखाली नव्हती, माझ्या उशीवर होती. हा नियमभंग आहे. तरी वाचली. तू लिहितेस:

"मी तुमच्याशी बोलले नाही. फरशीवाल्या मावशींशी बोलले. शपथ मोडलेली नाही, तेव्हा तुमचं काही वाईट व्हायचं कारण नाही, निमित्त शोधू नका. घरी जायचं तर जाऊ, मी गाड्यांच्या वेळा पाठ म्हणते. पण मग पुढची गाडी त्या सर्जनकडं जाते. दोन पिशव्या. तिथं बाटली ओतून भागणार नाही. तुम्हाला माझं तोंड नको असेल तर दुसरीला बोलवा, पण टेबलावर जाऊन पडा."

चोराच्या उलट्या बोंबा. निमित्त मी शोधते?

दुपारी डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. तूच पाठवलंस, नाकारू नकोस. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "अर्ध्यात सोडलंत तर डाग अर्धा मरतो असं नाही. तो चिडतो." मी म्हटलं, "आमच्या घरात सगळेच तसे." मग त्या म्हणाल्या, "काल तुमच्या बहिणीच्या हातून पाणी सांडलं म्हणे." मी म्हटलं, "बहीण नाही, जाऊ आहे." पाण्याबद्दल मी काही बोलले नाही. म्हणजे त्या समजल्या तेच समजल्या.

सोमवारी यंत्र बंद असतं, मी मंगळवारी जाईन. तुझ्यासाठी नाही. पिशव्यांसाठी.

पण पुन्हा तो घोटाळा नको. म्हणून लिहून देते, पाण्यापुरती शपथ सुटली. कधी प्यायचं, कधी थांबायचं, एवढंच बोलायचं. हवापाणी नाही, विचारपूस नाही, 'बरं वाटतं का' नाही. एक शब्द जास्त झाला तर पुन्हा घालीन.

थोरली


गुरुवार, २७ तारीख

धाकटीस,

तक्रार करायला लिहिते.

पाण्याचं बोल म्हटलं, पुकार म्हटलं नव्हतं. 'जाऊबाई, लघवीला जाऊन यावं. जाऊबाई, पाणी प्यायला सुरुवात करावी. गाडी वेळेवर आहे.' हे तू बाकाच्या एका टोकावरून म्हणतेस आणि दुसऱ्या टोकाचे सगळे जागे होतात. आज तर वर्तमानपत्रवाला आणि त्याच्या शेजारचा, दोघेही तुझ्या आवाजावर उठून गेले आणि येऊन आपापल्या बाटल्या तोंडाला लावल्या. त्यांचंही दुखणं तिकडचंच आहे, त्यांनाही पिशवी भरून लागते. यंत्रावरची पोरगी म्हणते, "आजी, तुमच्या जाऊबाई आल्यापासून आमचं वेळापत्रक सुधारलं." मी म्हटलं, "त्यांना इथंच ठेवून घ्या."

ती वर्तमानपत्रवाल्याची बायको तुला विचारत होती, "यांचं नेमकं कुठं आहे हो दुखणं?" मी साच्यासाठी कपडे बदलत होते, पडद्याआड. मला वाटलं, झालं, आता पुकारतेस. मी पडदा घट्ट धरून ऐकत राहिले.

तू म्हणालीस, "कमरेचं आहे. जन्मभर वाकून शिवणकाम केलं ना."

खोटारडी. मला आधी कधी कळलं नाही की तुला खोटंही येतं. येत होतं तर त्या दिवशी पंगतीत कुठं ठेवलं होतंस? याचं उत्तर देऊ नकोस. काय देशील ते मला ठाऊक आहे. खोटं बोलून भागण्यासारखं असतं तर बोललीस असतीस.

मला उत्तर ठाऊक आहे म्हणजे पटलं आहे असं नाही.

खाली आग होते, बसताना उशी लागते. हे पाण्यात येत नाही, तेव्हा विचारू नकोस. मलम लावताना आरसा धरायला कुणीतरी लागतं. परिचारिका धरेल. ती नसली तर तू धर, पण दुसरीकडं बघ.

थोरली


शनिवार, ५ तारीख

धाकटीस,

तुझी रजा संपली, तू पहाटेच्या गाडीनं गेलीस. मी झोपल्याचं सोंग केलं होतं. तू दारात उभी राहिलीस ते मला दिसत होतं. शपथ पाण्यापुरतीच सुटलेली, म्हणून बोलता येईना आणि पाण्याचं काही निघेना. शेवटी म्हणालीस, "बाटली भरून ठेवलीय." आणि गेलीस.

काल शेवटचा उपचार झाला. साचा घेऊन जाता का म्हणून पोरीनं विचारलं. काहीजण नेतात म्हणे. मी म्हटलं, "नको बाई, घरात एक चाळण आहे, दुसरी कशाला." डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डाग फिका पडलाय म्हणाल्या. गेला म्हणाल्या नाहीत, मीही म्हणवून घेतलं नाही. खरं काय ते तीन महिन्यांनी कळेल, मोठी तपासणी आहे. तेव्हाही सोबत घरची एक बाई लागते.

चिरंजीव दुपारी मला न्यायला येताहेत. ते विचारतील, तपासणीला कोण येईल. मी कुणाचं नाव घेणार नाही. मी तुला माफ केलेलं नाही. पंगत ती पंगत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि हा पीळ मी स्वतःच्या हातानं घातलेला आहे.

फक्त एक झालं. तू गेल्यावर तहान लागली म्हणून तुझी बाटली घेतली. तीच, त्या दिवशीची. झाकण उघडेना. एका हातानं पिळलं, दोन्ही हातांनी पिळलं, पदराच्या टोकानं धरून पिळलं. जागचं हललं नाही. म्हटलं, पोरीला बोलवावं, तिच्या हातात जोर आहे. मग नाही बोलवलं. तशीच घेऊन बसले.

एवढ्या वर्षांत तुझं एकही झाकण सैल लागलेलं मला आठवत नाही. लोणच्याच्या बरण्या आपण भावजींकडून उघडून घ्यायचो.

बाटली भरलेलीच घरी नेते आहे. कपाटात ठेवीन, कुणाला हात लावू देणार नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी ये आणि उघडून दे.

थोरली

ता. क. उरलेली शपथही सुटली. पण हळू बोल.